मांद्र्याचा वारा आणि माझ्या बुटक्या मिरच्या

आमचं घर गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या मांद्र्यात, समुद्रापासून साधारण ३०० मीटरवर, रात्री सगळी दारं लावली तरी लाट ऐकू येते. घराच्या पश्चिमेला परस आहे, बारा पावलं लांब आणि आठ रुंद, आणि माझं लग्न होऊन मी इथे आले तेव्हापासून त्या परसात माड, एक जास्वंद आणि तुळस सोडून काही टिकलेलं मी बघितलं नव्हतं. सासूबाई म्हणायच्या की पूर्वी इथे मिरसांग, म्हणजे मिरची, लावायचो, शेजारच्या हरमल गावची, वर्षाची हुमणाची (माशाच्या आमटीची) मिरची घरची असायची. मग ते बंद का झालं तर कोणालाच नीट सांगता येईना, कोणी म्हणे पाणी खारट झालं, कोणी म्हणे समोरची सुरूची झाडं गेली आणि वारा सरळ आत यायला लागला.

२०२० ला सगळे घरी बसलेले, तेव्हा मी ठरवलं की परत लावायची. चवथ (गणेश चतुर्थी) झाली की रोप टाकायचं, दिवाळीच्या आसपास लागवड, फेब्रुवारीपासून तोडे आणि एप्रिल-मेमध्ये लाल झालेली वाळवून पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीला, ठेवायची, एवढं कॅलेंडर सासूबाईंच्या तोंडपाठ होतं. बी मात्र घरात राहिलं नव्हतं. लॉकडाऊनमुळे म्हापशाचा शुक्रवारचा बाजार धड भरत नव्हता, म्हणून एका नर्सरीतून संकरित मिरचीची चाळीस रोपं आणली. दिसायला सुंदर, उंच, कोवळी, हिरवीगार. डिसेंबरपर्यंत ती माझ्या मांडीपर्यंत आली आणि मी रोज फोटो काढून बहिणीला पाठवायचे.

जानेवारी सरता सरता वारा बदलला. इथल्या वाऱ्याचं सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. थंडीत सकाळी जमिनीकडून वारा येतो, शाळेत शिकलो ते मतलई वारे, हलका आणि कोरडा, त्याचा त्रास नाही. दुपारी अकरा-बाराला तो पडतो, थोडा वेळ एकदम शांत, आणि मग समुद्राकडून खारे वारे सुरू होतात, तीन-चारला सगळ्यात जोरात, दिवस मावळला की कमी. फेब्रुवारीपासून मेपर्यंत हा दुपारचा वारा वाढतच जातो. आणि तो सरळ पश्चिमेकडून येत नाही, आमच्याकडे तो वायव्येकडून येतो, म्हणजे परसाच्या कोपऱ्यातून तिरका. हे मला दोन वर्षं कळलंच नव्हतं, मी आपली समुद्र पश्चिमेला म्हणून वारा पश्चिमेचा असं धरून चालले होते.

तर त्या पहिल्या वर्षी फेब्रुवारीत पानांची टोकं करपायला लागली, आधी टोक मग कडेकडेने तपकिरी रेघ, मधला भाग हिरवाच. मला वाटलं रोग. दुकानातून बुरशीनाशक आणून दोनदा मारलं, काही फरक नाही. शेवटी आमच्या वाड्यावरच्या एक काकी, सत्तरीच्या पुढच्या, अख्खं आयुष्य भाजी केलेली बाई, त्या दूध घ्यायला आल्या होत्या त्यांना दाखवलं. त्यांनी एक पान तोडलं, जिभेला लावलं आणि म्हणाल्या, "खार बसला गो ताका." मी पण लावून बघितलं, खरंच खारट. लाटा फुटतात तेव्हा पाण्याचे बारीक तुषार वाऱ्यावर उडतात, ते पानावर येऊन बसतात, पाणी उडून जातं, मीठ राहतं. ते मीठ पानात शिरून टोकाला साठतं म्हणून आधी टोक जळतं. वाऱ्याकडच्या बाजूची पानं जास्त जळलेली होती, आडोशाची कमी, हे तेव्हा नीट बघितलं असतं तर बुरशीनाशकाचे पैसे वाचले असते.

त्यांनी सांगितलं तसं पानं धुवायला लागले. संध्याकाळी वारा पडला की झारीने वरून गोडं पाणी. आठवड्यात करपणं थांबलं पण दुसरंच सुरू झालं, रात्रभर पानं ओली राहायला लागली आणि त्यावर काळे ठिपके, काही फळं कुजली. मग सकाळी धुवायचं ठरवलं, सातच्या आत, म्हणजे ऊन आलं की तासाभरात पान कोरडं. आजपर्यंत तेच चालू आहे, फेब्रुवारी ते मे एक दिवसाआड आणि ज्या दिवशी समुद्र खवळलेला असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी न चुकता.

झाडं मात्र पडतच होती. प्रत्येकाला एक बांबूची काठी लावून घट्ट बांधलं होतं. वाऱ्याने झाड हलायचं आणि सुतळी खोडाला कापायची, तीन-चार झाडं बांधल्या जागीच मोडली. उरलेल्यांवर मे महिन्यात लाल मिरच्या लागलेल्या होत्या आणि मी वाळवायच्या तयारीत होते, तेवढ्यात तौक्ते आलं. १६ मे २०२१, रविवार. पहाटेपासून जो वारा सुटला तो मी आयुष्यात बघितला नव्हता, शेजारचा माड पडला, दिवे चार दिवस नव्हते, आणि परसात बघितलं तर एकही मिरचीचं झाड उभं नव्हतं. चक्रीवादळापुढे कोणाचंच काही चालत नाही हे कळतं, पण मी त्या दिवशी रडले. सात महिने रोज पाणी घातलेलं होतं.

दुसऱ्या वर्षी मी वारा अडवायचा असं ठरवलं. चिऱ्याची भिंत घालायचा विचार होता पण समुद्राच्या इतक्या जवळ पक्कं बांधकाम म्हणजे सीआरझेडची (किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांची) परवानगी, ती भानगड नको म्हणून मिस्टरांनी लोखंडी पाईप रोवून त्यावर पत्रे मारले, पश्चिमेच्या बाजूला, दीड मीटर उंच, आठ पावलं लांब. चांगला खर्च केला. आणि काय झालं तर पत्र्याला चिकटून असलेली पहिली ओळ ठीक होती, पण दुसरी-तिसरी ओळ, पत्र्यापासून दोन-तीन मीटरवरची, ती मोकळ्या जागेतल्यापेक्षा जास्त झोडपली गेली. पानं फाटली, फांद्या पिळवटल्या. मला कळेना. एक दिवस दुपारी तीनला मी तिथे चूल पेटवतात तसा थोडा धूर केला आणि उभी राहिले, आणि तेव्हा डोळ्यांनी दिसलं, धूर पत्र्याच्या वरून चढून जातो आणि पलीकडे एकदम खाली आपटतो आणि गोल गोल फिरतो. वारा अडला नव्हता, उडी मारून आत येत होता. शिवाय वायव्येच्या कोपऱ्यात पत्रा संपतो तिथून बाजूने घुसणारा वारा तर मूळ वाऱ्यापेक्षा जोरात.

काकी येऊन बघून गेल्या. "वारो आडावं नाका, गाळून घे," म्हणाल्या. आपण चहा गाळतो तसा. पूर्वी इथल्या बागांना वई, म्हणजे झाडाझुडपांचं कुंपण, असायची, निर्गुंडी, केवडा, भेंडीचं झाड (भाजीची भेंडी नव्हे), मधून मधून फटी, त्यातून वारा यायचा पण त्याची धार गेलेली असायची. नंतर मी वाचलं तर सगळीकडे हेच लिहिलेलं, की साधारण निम्मी भरीव आणि निम्मी मोकळी अशी आडोशाची रचना सगळ्यात चांगली, आणि आडोशाच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत त्याचा थोडाफार उपयोग होतो, पण खरी चांगली जागा पाचपटीच्या आत. म्हणजे दीड मीटरचा आडोसा तर सात-साडेसात मीटर. माझं परस त्यात बसतं.

२०२२ च्या चवथीनंतर पत्रे काढले. पाईप तसेच ठेवले आणि त्यांच्यावर ५० टक्केवाली हिरवी शेडनेट, आणि तिच्या बाहेरच्या बाजूने माडाच्या चुडतांचे (झावळ्यांचे) झाप, पण पडवीला पावसाआधी बांधतो तसे गच्च नाही, विरळ, मध्ये चार बोटं जागा सोडून. यावेळी आधी पंधरा दिवस काठीला लाल रिबन बांधून परसाच्या मध्ये उभी केली आणि रोज दुपारी ती कुठे उडते ते बघितलं. म्हणून आडोसा पश्चिमेला न लावता वायव्येला तोंड करून वळवला, कोपऱ्यात काटकोन न ठेवता गोलसर फिरवला. आणि त्याच्या पायथ्याशी निर्गुंडीच्या फांद्या आणि ग्लिरिसिडिया लावली, म्हणजे नेट फाटेपर्यंत जिवंत वई तयार होईल.

झाडं कुठली लावायची हा खरा प्रश्न होता. बाजार परत भरायला लागला होता तेव्हा म्हापशाला जाऊन एका हरमलच्याच बाईकडून वाळलेल्या लाल मिरच्या घेतल्या, बियांसाठी म्हणून सांगून. हरमलच्या मिरचीला २०२१ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, काणकोणच्या खोल्याच्या मिरचीला त्याच्या आधी, २०१९ ला. चांगली गोष्ट आहे, मला आनंदच झाला, पण प्रमाणपत्र मिळून बी टिकत नाही, बी टिकतं ते कोणीतरी दरवर्षी पेरलं तर. आणि आमच्या पेडण्यात आता जमीन ज्या भावाने जाते आहे, मोपाचा विमानतळ झाल्यापासून तर विचारूच नका, त्यात मिरची पेरणारी माणसं किती उरतील याची मला खरंच काळजी वाटते. पोर्तुगीजांनी ही मिरची समुद्रापलीकडून आणली, आपण तिला गावाचं नाव दिलं, इतकी आपली करून घेतली, आणि ती आपल्या डोळ्यांदेखत जाऊ द्यायची हे मला पटत नाही.

असो. बी राख लावून ठेवलं होतं, ट्रेमध्ये पेरलं, आठ-नऊ दिवसांत उगवलं. यावेळी रोपं लाडाने वाढवायची नाहीत असं पक्कं केलं होतं. दोन पानांची झाल्यावर रोज सकाळी हाताचा तळवा त्यांच्या शेंड्यांवरून हलकेच फिरवायचा, वीस वेळा इकडून, वीस वेळा तिकडून. लोकांना हे वेड वाटतं, पण झाडाला सारखं हलवलं की ते उंच होण्याऐवजी खोड जाड करतं, वाऱ्यात वाढणारी झाडं बुटकी असतात ती त्यामुळेच. तीन आठवड्यांनी ट्रे आधी अर्धा तास, मग एक तास, मग दुपारभर उघड्यावर ठेवायला लागले. चाळीस दिवसांची रोपं वीतभरच होती पण पेन्सिलीसारखी ताठ. नर्सरीतली पहिल्या वर्षीची रोपं आठवा आणि ही बघा, फरक हातात धरून कळतो.

जमीन आमची रेवट, पाणी थांबत नाही. म्हणून चर खणून तळाला नारळाची सोडणं पोकळ बाजू वर करून अंथरली, त्यावर शेणखत आणि माती. सोडणं भिजली की पाणी धरून ठेवतात. लागवड दीड-दीड फुटावर, थोडी दाट, म्हणजे मोठी झाल्यावर झाडं एकमेकांना टेकतात आणि एकमेकांचा आडोसा होतात. आठ-दहा पानं आल्यावर शेंडे खुडले. हे करताना हात थरथरतो, चांगलं वर चाललेलं झाड आपल्याच नखाने तोडायचं, पण दहा-बारा दिवसांत खालून चार-पाच फांद्या फुटल्या आणि झाड छत्रीसारखं पसरायला लागलं. जोमदार होती ती परत एकदा खुडली. फुलं पहिल्या वर्षापेक्षा अंदाजे दोन आठवडे उशिरा आली, तेवढं नुकसान धरून चालायचं.

काठ्यांचं पण शिकले. काठी वाऱ्याच्या बाजूला रोवायची, म्हणजे झाड काठीपासून लांब ढकललं जातं, तिच्यावर घासत नाही. बांधायचं ते सुती कापडाच्या पट्टीने, मराठी चारच्या आकड्यासारखा वेढा, एक फेरा काठीला एक झाडाला, आणि सैल. झाड थोडं हललंच पाहिजे. आणि हलल्यामुळे बुंध्याभोवती फनेलसारखं भोक पडतं, त्यातून कोरडा वारा मुळापर्यंत जातो आणि भर दुपारी झाड मान टाकतं, पाणी घातलं तरी उठत नाही. मला हे कळायला तिसरं वर्ष उजाडलं. आता दर पंधरा दिवसांनी बुंध्याला मातीची भर देते आणि वरून वाळलेलं गवत आणि काजूचा पाला अंथरते, पाला उडू नये म्हणून त्यावर चुडताचे देठ आडवे.

त्या वर्षी करपणं फारच कमी, झाडं कमरेच्या खालीच राहिली आणि आडोशाच्या उंचीच्या वर एकही गेलं नाही. पण फेब्रुवारीत पानं वळायला लागली. मिरची लावणाऱ्यांना चुरडा-मुरडा, म्हणजे पानं आकसून वळण्याचा रोग, म्हटलं की पोटात गोळा येतो. इथे एक बघायचं, पान वरच्या बाजूला होडीसारखं वळलं असेल तर बहुतेक फुलकिडे, आणि खालच्या बाजूला उलट्या होडीसारखं वळलं असेल तर कोळी नावाची बारीक कीड. दोघांवर औषध वेगळं, आणि दुकानदार विचारत पण नाही, एकच बाटली काढून देतो. माझी वर वळलेली होती. निळे चिकट सापळे लावले, दुसऱ्या दिवशी बघते तर सापळा वाळूने भरलेला, फुलकिडे चिकटायला जागाच नाही. मग सापळे आडोशाच्या आतल्या अंगाला, झाडाच्या उंचीवर लावले तेव्हा चालले. आणि ५ टक्के निंबोळी अर्क, आठवड्याला एकदा, वारा पडल्यावर संध्याकाळी, हे एकच फवारणं मी संध्याकाळी करते कारण दुपारच्या वाऱ्यात अर्धं औषध शेजारच्यांच्या अंगणात जातं. सगळी झाडं वाचली नाहीत, सात उपटून जाळली. वेळेवर उपटली हे बरं केलं.

पाण्याचं शेवटी लक्षात आलं आणि ते खरंतर सगळ्यात आधी बघायला पाहिजे होतं. आमच्या विहिरीचं पाणी डिसेंबरमध्ये गोड असतं, पण एप्रिलमध्ये पातळी खाली गेली की समुद्राचं पाणी आत सरकतं. जिभेला ते लगेच कळत नाही. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा एक साधा टीडीएस पेन घेतला, जानेवारीत ३८० दाखवत होता, एप्रिलच्या शेवटी ९०० च्या वर. मिरची खाऱ्या पाण्याला नाजूक, पाण्याची ईसी (क्षारांमुळे वाढणारी विद्युतवाहकता) १ च्या वर गेली, म्हणजे टीडीएस साधारण ६४०, की उत्पन्न घटायला लागतं. म्हणजे एप्रिलमध्ये मी सकाळी पानावरचं मीठ धुवत होते आणि त्याच पाण्यातून मुळाला मीठ पाजत होते! तेव्हापासून पेन ६०० च्या पुढे गेला की विहीर बंद, नळाचं पाणी, ते पण मोजून, आणि पंधरवड्यातून एकदा भरपूर पाणी सोडून मातीतलं मीठ खाली उतरवायचं. रेवट जमिनीचा एवढा एक फायदा, मीठ पटकन धुऊन जातं.

२०२३-२४ चं पीक माझं चौथं, आणि ते खऱ्या अर्थाने पीक होतं. पस्तीस झाडं, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात लाल तोडा घेतला तेव्हा दोन सुपं भरली, हिरव्या खाल्ल्या त्या वेगळ्या. वाळवताना पण वाऱ्याचा विचार करावा लागला, दुपारी उघड्यावर ठेवल्या तर त्यावर पण खार बसतो आणि मिठामुळे रात्री ओल धरतात, म्हणून सकाळी सात ते बारा उन्हात आणि नंतर उचलून पडवीत. आठ दिवसांत खुळखुळ वाजायला लागल्या. सासूबाईंनी त्यातल्या चार घेऊन बांगड्याचं हुमण केलं आणि जेवताना काही बोलल्या नाहीत, फक्त दुसऱ्यांदा भात वाढून घेतला.

बियांसाठी मी सगळ्यात मोठी मिरची निवडत नाही, झाड निवडते. जानेवारीतच ज्या झाडांचं खोड जाड, फांद्या खालून फुटलेल्या, उंची कमी आणि वाऱ्याच्या पहिल्या ओळीत असून पान कमी करपलेलं, अशा पाच झाडांना लाल दोरा बांधते आणि त्यांच्या मिरच्या खुडू देत नाही, पूर्ण पिकेपर्यंत झाडावर. आसपास दुसरी कुठली मिरची नसेल याची काळजी घ्यायची, कारण मिरचीत थोडाफार संकर होतोच, म्हणून संकरित रोपं आता मी परसात आणतच नाही. मागच्या वर्षीच्या बियांची रोपं यावेळी न खुडताच जरा बसकी वाटली, एका वर्षावरून काही म्हणता येत नाही, पण मी वहीत उंची लिहून ठेवली आहे, प्रत्येक झाडाची.

निर्गुंडी आता छातीपर्यंत आली आहे. वायव्येच्या कोपऱ्यातली नेट यंदाच्या पावसात फाटली ती परत लावली नाही, तिथे वई पुरेशी दाट आहे का ते दुपारी रिबन बांधून बघायचं आहे. काकी गेल्या वर्षी वारल्या. त्यांच्या सुनेने परवा येऊन थोडं बी मागितलं, राखेत घोळवलेलं बी कागदाच्या पुडीत बांधून दिलं आणि वर लिहून दिलं, चवथ झाल्यावर पेरणे, सकाळी पानं धुणे.